हूऱ्यातलं ओसाका

कामासाठी मला ओसाकाला जायचं ठरलं तेव्हा आम्ही बहारीनला, हूरा नावाच्या वस्तीत राहत होतो. बायकोला रजा मिळेना, म्हणून चौदा वर्षांच्या लेकीला बरोबर न्यायचं ठरलं. त्या काळात ती आमच्याशी बोलायची ती इंग्रजीत आणि बहुतेक वेळा बंद दारामागून. अशा मुलीला तिथं दाखवायचं तरी काय, हे मी आमच्या वर्कशॉपमधल्या जपानी इंजिनिअरला विचारलं. तो मूळचा ओसाकाचा.

त्यानं प्रश्न फारच मनावर घेतला. चार दिवस विचार केला आणि म्हणाला, "सांगून कळणार नाही. शुक्रवारी तालीम करू."

मला वाटलं, तो गमतीनं म्हणतोय. पण शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी तो खरंच आमच्या बिल्डिंगखाली हजर झाला. इस्त्रीचा शर्ट, हातात स्टीलची लांब पट्टी आणि तिच्या टोकाला बांधलेला पिवळा रुमाल. "हा रुमाल दिसेनासा झाला की तुम्ही हरवलात," त्यानं बजावलं. लेक माझ्यापासून चार हात लांब उभी राहिली.

पहिल्याच कोपऱ्यावर त्यानं आम्हाला थांबवलं. रस्ता रिकामा होता.

"सिग्नल लाल आहे," तो म्हणाला.

सिग्नल नव्हताच. तरी आम्ही उभे राहिलो. पुढं एका बंद शटरसमोर त्यानं सांगितलं, हे मोठं स्टेशन, इथं गर्दी फार. मग आम्ही तिघं त्या ओस गल्लीतून खांद्याला खांदा घासत, अंग चोरून चाललो.

"बाबा, प्लीज, पीपल आर लुकिंग," लेक पुटपुटली.

गल्लीच्या तोंडाशी कोल्ड स्टोअर होतं. किराणा दुकानाला तिकडं असंच म्हणत. "हा किल्ला," इंजिनिअर म्हणाला. "आत लिफ्ट आहे, पण रांग लावावी लागते." आम्ही दुकानासमोर रांग लावली. दुकानाचा म्हातारा अरब मालक गल्ल्यावरून आमच्याकडं पाहत राहिला. शेवटी त्यानं विचारलं, "काय पाहिजे?"

"कॅसल," इंजिनिअर प्रामाणिकपणे म्हणाला.

मालकानं मागच्या फळ्यांवरून नजर फिरवली. "मफी. संपलं. शनिवारी येईल, इंशाल्ला."

लेक हसायला लागली. आधी तोंडावर हात ठेवून, मग दुकानाच्या कठड्यावर बसून. तोवर आमच्या मागं आणखी माणसं उभी राहिली होती. त्यातला एक आमच्याच बिल्डिंगमधला, गुहागरकडचा ड्रायव्हर. त्यानं हळूच विचारलं, "साहेब, काय आलंय?"

"किल्ला," मी म्हणालो. दुसरं काही सुचलंच नाही.

त्यानं जरा विचार केला. "बरा असतो काय?"

"जुना आहे, पण चांगला आहे."

"मग थांबतो," म्हणाला आणि पिशवी काखेत मारून उभा राहिला. मालकानं वैतागून सगळ्यांना चहा पाजला आणि "यल्ला, यल्ला" करत घरी पाठवलं.

पुढच्या महिन्यात आम्ही ओसाकाला गेलो. मला सुट्टीचा एकच दिवस मिळाला आणि तोही पावसात बुडाला. एका मोठ्या दुकानात शिरलो, तर लिफ्टमधली गणवेशातली मुलगी प्रत्येक मजल्यावर वाकून नमस्कार करत होती. लेकीनंही तसाच वाकून केला. त्या मुलीनं पुन्हा केला. मग लेक लिफ्टमधून उतरेचना. त्या दोघी संध्याकाळपर्यंत वरखाली करत एकमेकींना नमस्कार करत राहिल्या. मी भांड्यांच्या मजल्यावर बाकावर बसून होतो. दार उघडलं की दोघी मलाही वाकून नमस्कार करायच्या आणि मला दर वेळी उठून उभं राहावं लागायचं.