विमानकाकांची पुढची काच

विमानकाका खिडकीतून बाहेर कधी बघत नसत, ते खिडकीकडेच बघत. एसटीत शेजारचा माणूस बाहेरची कपाशी बघतोय आणि हे मान तिरकी करून काचेवरचे ओरखडे न्याहाळतायत! एकदा मी त्यांच्यासोबत गिरडच्या गाडीत होते. कंडक्टर तिकीट फाडायला आला तर त्यालाच विचारलं, "ही काच कोनं कोरड्या फडक्यानं पुसली, भाऊ?" कंडक्टरनं माझ्याकडे असं काही बघितलं की मला वाटलं, पुढच्या थांब्याला उतरून जावं.

माझ्या चष्म्याचं तर त्यांनी वाटोळंच केलं असतं, म्हणजे त्यांच्या मते मीच करत होते. मी पदरानं चष्मा पुसायला घेतला की ओरडलेच. "मास्तरीणबाई, पानी आन् हात! दुसरं काई नाई." चष्मा हिसकावून माठापाशी नेणार, ओंजळीनं पाणी सोडणार, ओल्या बोटांनी हळू चोळणार. का, तर काचेवर रेतीचा कण असला तर बोटाला कळतो, फडक्याला कळत नाही. आता शाळेची घंटा व्हायची वेळ, आणि हे कण शोधतायत. चिडचिड व्हायची नुसती. पण आजही मी चष्मा पाण्यानंच धुते, काय करणार.

अठ्ठ्याहत्तर साली मी वर्ध्याजवळच्या नालवाडीच्या शाळेवर रुजू झाले आणि त्यांच्या घराची पुढची खोली भाड्यानं घेतली. मूलबाळ नव्हतं, घरात काका-काकू दोघंच. काका तोवर एका फवारणी कंपनीत मेकॅनिक होते. कपाशीवर विमानातून औषध मारायचं ते दिवस. कंपनी बंद पडली तेव्हा सगळ्यात जुनं विमान कोणी घेईना, म्हणून मालक काकांना म्हणाला, तूच ठेव. दुसऱ्या कोणी हात जोडले असते. काकांनी बैलगाडीला बांधून ते नालवाडीबाहेरच्या बंद जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, शेडमध्ये आणून ठेवलं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं विमान ते. पंखांवर पत्रा नाही, ताणलेलं कापड, आणि आत जेमतेम दोन माणसं.

काकू त्याला "माही सवत" म्हणायच्या. "जेवाले वाढून राह्यली मी, आन् हे चालले सवतीकडे," असं मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलायच्या. शेडमध्ये त्या कधी पाऊल टाकत नसत. भाकर खाल्ली की काका टोपी घालून निघायचे. आता मध्ये मी काय बोलणार? मी आपली वह्या तपासत बसायची.

मग ते घडलं. नागपूरच्या विमान उडवणाऱ्या काही हौशी मंडळींनी सांगितलं, विमानाला उडायचा परवाना मिळाला तर आम्ही घेऊ, आणि त्याच्यासोबत मेकॅनिक म्हणून तुम्हालाही. परवान्याचे साहेब मुंबईहून दसऱ्यानंतर एकदाच यायचे होते. आणि जिनिंगचा मालक दिवाळीला शेड पाडणार होता. म्हणजे पास झालं तर विमान उडत राहणार, नापास झालं तर भंगारात. काकांचा जीव टांगणीला लागला. मंडळींतल्या पायलटनं आणखी एक कबूल केलं होतं. नेण्याआधी काकूंना त्यांच्या माहेरावरून, गिरडच्या टेकडीवरून, एक चक्कर मारून आणणार. काकू म्हणाल्या, "मी नाई बसत त्या डब्ब्यात." पण दोन दिवसांनी मला हळूच विचारलं, "बाई, इमानात पदर कुठी खोचाव लागते?"

इंजिन धडधाकट होतं. अडलं होतं ते काचांपाशी. खरं तर काच नव्हेच ती, काचेसारखं प्लास्टिक. उन्हानं पिवळं पडलेलं, आणि आत केसासारख्या बारीक भेगांची जाळी. सूर्य समोर आला की पायलटला अंधारल्यासारखं व्हायचं. साहेब पहिल्यांदा तेच बघणार हे काकांना पक्कं ठाऊक होतं. बाजूच्या सपाट काचा त्यांनी जुन्या काचेचं माप ठेवून कापल्या. पण पुढची काच गोल वळलेली. ती कोणी वळवून द्यायची? मुंबईला किती पत्रं टाकली, तेव्हा कुठे ब्राउन कागद चिकटवलेल्या प्लास्टिकच्या दोन शीट आल्या. दोनच.

शीट तापवून वळवायला वर्ध्यातल्या बेकरीवाल्या चाचांनी पावाची भट्टी दिली. सुताराकडून लाकडाचा साचा करून घेतला, त्यावर ओरखडा उठू नये म्हणून काकूंच्या जुन्या फ्लॅनेलचा तुकडा ताणला. पहिल्या शीटला भट्टीत फोड आले, पुरीसारखे. काका खाली बसले ते उठेचनात. चाचाच म्हणाले, "ईद के दिन आओ. उस दिन पाव नहीं, भट्टी नरम रहती है." ईदच्या सकाळी नमाजला जायच्या आधी नव्या कपड्यांत चाचांनी भट्टी उघडून दिली. शीट मऊ झाली, दोघांनी हातमोजे घालून ती साच्यावर अंथरली, आणि ती आपोआप वाकून बसली. मी शिरखुर्म्याच्या आशेनं गेले होते. काचेतून पलीकडे चाचांची दाढी अशी स्वच्छ दिसत होती की मी टाळ्या वाजवल्या. काका रडत होते. चाचा म्हणाले, "अरे, ईद है आज!"

बसवतानाही त्यांची तऱ्हा वेगळीच. स्क्रूपेक्षा भोक मोठं पाडायचं, स्क्रू आवळायचा आणि परत थोडा सैल सोडायचा. मी म्हटलं, "काका, उडताना निखळली म्हणजे?" तर म्हणाले, "आपल्या इथलं ऊन माहीत हाये न? शीट फुगते. तिले हलाले जागा पाह्यजे, नाईतं तडकते." मला पटलं की नाही, कोण विचारतं!

दसऱ्याला अर्धी नालवाडी दीक्षाभूमीला नागपूरला गेलेली, रस्ते सामसूम. आणि आमच्या काकू हातात ताट घेऊन शेडकडे निघालेल्या! मी चाटच पडले. ट्रॅक्टर पूजतात, मोटार पूजतात, मग विमान का नको, असं त्यांचं म्हणणं. झेंडूची माळ पंख्याला, नारळ चाकापाशी. आणि पुढच्या काचेवर, बरोबर मध्ये, तेलात कालवलेल्या शेंदराचं हे एवढं स्वस्तिक. काका नुसते हसले. इतक्या वर्षांनी बायको शेडमध्ये आली होती. मी म्हटलं, "काका, पुसायला हवं ना?" तर काकूच कडाडल्या, "पूजेचं त्याच दिवशी पुसत नसतात, बाई!" काका म्हणाले, "राहू द्या. उद्या साहेब चहा पिईन तवर मी धुतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका साहेबांना आणायला स्टेशनवर गेले. थोड्या वेळानं मी डबा घेऊन शेडवर पोचले तर काकू आधीच तिथे. पदर कमरेला खोचलेला, हातात फडकं, बाजूला बाटली. नाकात वास गेला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. थिनर, प्लास्टिकला खाणारं. काका त्यानं इंजिनवरच्या पत्र्याचा जुना रंग काढायचे, ते काकूंनी शेडच्या दारातून कधीतरी पाहिलं होतं. साहेब यायच्या आधी आपण लाल डाग काढून टाकू, नवऱ्याचं तेवढंच काम हलकं होईल, असा त्यांचा हिशेब. डाग गेला होता, हो. पण मधली सगळी काच दुधाच्या सायीसारखी पांढरी झाली होती, आणि कडेनं बारीक भेगा माझ्या डोळ्यांदेखत पुढे सरकत होत्या.

"पाहा न बाई, वाफ धरून राह्यली," असं म्हणत काकू आणखी जोरात घासायला लागल्या. मी त्यांचा हात धरला. एवढ्यात दारात काका आणि साहेब.

काकांनी आधी वास घेतला. मग काच पाहिली. मग काकूंच्या हाताकडे पाहिलं, बोटं शेंदरानं लाल झालेली. त्यांचा चेहरा असा झाला की मी मान फिरवली. "कोनं..." एवढंच तोंडातून निघालं आणि तिथेच थांबलं. काकू म्हणाल्या, "म्या पुसली. डाग नाई राहू देला." काका त्यांच्या हातातलं फडकं घेत म्हणाले, "चांगली पुसली." आणि साहेबांकडे वळून मोडक्या इंग्रजीत म्हणाले, साहेब, माझीच चूक. शीट भट्टीत जास्त तापली.

साहेब भला माणूस होता. स्वतः आत बसून काचेतून बघितलं त्यानं. शेवटी इंग्रजीतून काकांना म्हणाला, समोरचं दिसणार नाही अशा विमानाला मी परवाना देऊ शकत नाही. काकूंना इंग्रजी कळत नव्हतं. त्यांनी विचारलं, "काय म्हनते साहेब?" काका म्हणाले, "इंजिन म्हातारं झालं म्हनते."

साहेबांना सोडून आल्यावर ते माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले. "मास्तरीणबाई, तिले कधी सांगू नोका." मी भांडले हो! म्हटलं, आणखी एक शीट मागवा, साहेबांना पत्र टाका, शेडवाल्याचे पाय धरा. काका ऐकून घेत होते. सगळं करूनही पाहिलं त्यांनी. शीट मिळेना, साहेब परत येईनात, नागपूरच्या मंडळींनी दुसरं विमान पाहिलं. दिवाळीच्या आत कारंज्याचा भंगारवाला ट्रक घेऊन आला. पंख आधी कापले. काका शेडमध्ये उभे होते, आणि मी त्यांच्या शेजारी, दोघंही नुसतेच. दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

त्यानंतर ते सायकली दुरुस्त करायचे. काकूंवर कधी आवाज चढवला नाही, उलट त्यांच्या आमटीची तारीफ करायला लागले, जी मी तरी कधी केली नसती. पुढे माझी बदली झाली, पण दिवाळीला मी जात राहिले. पंच्याऐंशी साली काका गेले. छातीत कळ आली आणि संपलं.

तेराव्याला मी काकूंजवळ बसले होते. माझा हात धरून त्या म्हणाल्या, "जल्मभर म्या त्या इमानाले शिव्या देल्या, बाई. त्याइच्या कामाले कधी हात लावला नाई. पन एक बरं झालं. साहेब आला त्या दिवशी काच तरी म्या पुसून देली." आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, "हो काकू. तुम्हीच पुसली होती."