सईला आधी कोणी नेलं

माझ्या व्याह्यांनी मला फसवलं. सरळ सांगतो, आडून बोलायची मला सवय नाही. बुऱ्हाणपूरच्या केळीच्या मंडईत ज्या माणसाला आजवर कोणी एका फणीनेसुद्धा फसवू शकलं नाही, त्याला एका निवृत्त मास्तराने, इस्त्रीचा शर्ट आणि रबरी चपला घालून, हसत हसत लुटलं. पैशाने लुटलं असतं तर मी कसंही करून वसूल केलं असतं. त्यांनी लुटला तो माझ्या नातीला आयुष्यात पहिल्यांदा मासे धरायला नेण्याचा माझा हक्क. पहिली वेळ एकदाच असते. ती कुठल्या मंडईत परत मिळत नाही.

हे व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. तीस वर्षं धूलकोटच्या शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर बुऱ्हाणपुरातच बुधवारा पेठेत घर घेऊन राहिले. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात म्हणून मीही म्हणतो. ते मला शेठ म्हणतात. माझा स्वभाव तापट आहे, हे मी लपवत नाही. केळीचे घड खांद्यावरून ट्रकात भरत भरत वर आलेला माणूस आहे मी, आज माझा माल दिल्लीपर्यंत जातो, आणि हे सगळं काही मी हळू आवाजात बोलून केलेलं नाही. पण मुलीच्या बापाने व्याह्यांपुढे आवाज चढवायचा नसतो, ही आमच्याकडची रीत. साऱ्या जगात ज्याच्यावर ओरडायची मला बंदी आहे असा एकच माणूस, आणि देवाने नेमका तोच असा निवडला की दिवसातून दोनदा ओरडावंसं वाटावं.

लग्नाच्या बोलणीपासूनच त्यांनी मला घोळात घेतलं. मुलाकडचे काय काय मागतील आणि आपण कुठे कुठे अडायचं, याची मी चार दिवस तयारी केली होती. सोबत मोठ्या आवाजाचे दोन भाऊबंद आणले होते. चहा झाला. मी म्हटलं, "बोला गुरुजी, तुमच्या काय अपेक्षा?" गुरुजींनी बराच वेळ छताकडे पाहिलं आणि म्हणाले, "एकच आहे. लग्नात पुऱ्या होतील. पुऱ्यांची उरलेली कणीक कोणी फेकायची नाही. ती मला द्यायची." मला वाटलं, ही काहीतरी मोठी चाल असणार. मी म्हटलं, "अर्धी देऊ." सवयच तशी. गुरुजी म्हणाले, "अर्धीही चालेल." बोलणी संपली. माझे दोन्ही भाऊबंद तोंड न उघडता घरी गेले आणि वर्षभर मला बोल लावत राहिले. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे नवरदेवाचा बाप डोक्यावर कणकेचं घमेलं घेऊन तापीकडे चाललेला अर्ध्या गावाने पाहिला.

त्यांच्यासोबत बाजारात जाणं म्हणजे तर शिक्षाच. एकदा आमच्या इतवारा पेठेत मी एका पितळी डब्यावरून दुकानदाराला अर्धा तास घोळवत आणलं होतं. दोनदा दुकानाबाहेर पडलो होतो, दोनदा त्याने हाक मारून परत बोलावलं होतं, माणूस अगदी भाव पाडायच्या बेतात आला होता. तेवढ्यात गुरुजी त्याला म्हणाले, "शेठ बरोबरच बोलतायत हो, पण तुमचंही चूक नाही. एवढी नक्षी हाताने करायची म्हणजे मेहनत आहेच ना." झालं! दुकानदार ताठ झाला. "देखो शेठ, गुरुजी समझते हैं," म्हणाला. बाहेर आल्यावर मी दात आवळून विचारलं, "गुरुजी, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने होता?" ते म्हणाले, "डब्याच्या. चांगला आहे डबा."

आणि हजेरी! तीस वर्षं हजेरी घेतलेला माणूस, त्याला ती थांबवताच आली नाही. घरातल्या कुंड्यांची हजेरी, गल्लीतल्या कुत्र्यांची हजेरी. माझा ड्रायव्हर एकदा त्यांना सोडायला गेला तर परत येऊन सांगायला लागला, "शेठजी, गुरुजींनी मला गाडीतून उतरवून उभं केलं आणि सतराचा पाढा म्हणायला लावला." मी विचारलं, "मग?" "मग काय, आला नाही. उद्या परत विचारणार म्हणे. उद्या दुसऱ्या कोणाला पाठवा ना."

पण या सगळ्यावर ताण म्हणजे त्यांची मासेमारी. हातात बांबूची काठी आणि कणकेचा डबा घेऊन गुरुजी रोज पहाटे तापीवर. घाटाच्या खालच्या अंगाला खडक आहेत, तिथे उन्हाळ्यातही डोहात पाणी राहतं. त्या खडकावर ते ऊन तापेपर्यंत बसत. कणीक साधी नाही. रविवारी हळद घातलेली, सोमवारी गूळ, थंडीत चिमूटभर हिंग. "गार पाण्यात राहून त्यांना पोटाचा त्रास होत असेल," म्हणे. इतकं करून त्यांच्या घरी कधी मासा शिजलेला मी पाहिला नव्हता. मला वाटायचं, वाटेत कोणाला तरी देऊन टाकत असतील. माणूस देणाराच.

आता मुद्द्यावर येतो. माझी मुलगी आणि जावई पुण्याला असतात. त्यांची सई गेल्या उन्हाळ्यात पाच वर्षांची झाली. सुट्टीत ती पंधरा दिवस इतवाऱ्यात आमच्याकडे आणि पंधरा दिवस बुधवाऱ्यात त्यांच्याकडे राहते. ती यायच्या महिनाभर आधी मी सगळ्यांना, गुरुजींनासुद्धा, स्पष्ट सांगून ठेवलं होतं की सईला मासे धरायला पहिल्यांदा मी नेणार. याला कारण आहे. माझा बाप दिवसभर हमालीवर. तापी घरापासून हाकेच्या अंतरावर, पण मला तिथे हाताला धरून कोणी नेलं नाही. मी सात-आठ वर्षांचा असताना वाकवलेली टाचणी आणि गोणीचा दोरा घेऊन एकटाच गेलो, एकटाच शिकलो. शेजारच्या खडकावर बाप-लेक बसलेले असायचे, बाप पोराचा हात धरून दोरा कसा सोडायचा ते दाखवायचा, आणि मी चोरून पाहायचो. तेव्हापासून मनात होतं, आपण कोणाला तरी असं न्यायचं. मुलीच्या लहानपणी धंद्यातून सवड मिळाली नाही. सईच्या वेळी मी काठी छिलून घेतली, नवा गळ आणला, पाण्यावर तरंगायला मोरपिसाची काडी लावली. रविवार ठरला.

रविवारी ट्रक आला. माल कापून पडलेला, थांबता येईना. मी सईला म्हटलं, "बेटा, मंगळवारी जाऊ." ती म्हणाली, "ठीक आहे नाना." त्या रात्री ती बुधवाऱ्यात आबांकडे झोपायला गेली.

सोमवारी दुपारी परत येऊन जेवताना ती म्हणते, "नाना, मी आज आबांसोबत मासेमारीला गेले होते. चौदा मासे आले. पंधरावा उशिरा आला, आबांनी त्याला उभं केलं."

मी ताटावरून उठलो. बायको म्हणाली, "अहो, आधी जेवून घ्या." मी जेवलो नाही. भर उन्हात बुधवाऱ्यात पोचलो. गुरुजी कुंड्यांना पाणी घालत होते. डोकं भडकलं होतं, पण रीत आडवी आली. मी शक्य तेवढ्या हळू आवाजात ओरडलो.

"गुरुजी, पहिली वेळ माझी होती!"

"होती ना शेठ. रविवारची होती. तारीख तुम्ही बदललीत."

"बदलली, सोडली नव्हती!"

"तिने पहाटे उठून विचारलं, आबा, मासे मंगळवारपर्यंत थांबतील का? मला उत्तर देता आलं नाही. मग बघायला गेलो."

असल्या माणसाशी भांडायचं कसं? काहीतरी दोष काढावा म्हणून मी म्हटलं, "चौदा मासे धरले, मग आहेत कुठे? आणि एवढ्याशा पोरीच्या हातात गळ दिलात? बोटात घुसला असता म्हणजे? दाखवा तुमचा गळ."

त्यांनी कोपऱ्यातली काठी आणून दिली. मी दोरा बोटांतून ओढत शेवटापर्यंत गेलो. शेवटाला गाठ होती. नुसती गाठ.

"गळ कुठाय?"

"नाहीये."

"तुटला?"

"लावलाच नव्हता."

"आज?"

"कधीच."

स्वयंपाकघराच्या दारात विहीणबाई उभ्या होत्या. त्या हातातल्या भांड्यासकट पुढे आल्या. "कधीच नाही? अहो, धूलकोटच्या नाल्यापासून इतकी वर्षं मी कणीक मळतेय! पहिली दोन वर्षं तर मसाला वाटून वाट बघत बसायचे. मला वाटलं, यांना जमत नाही. वाईट वाटू नये म्हणून मी कधी विचारलं नाही!"

गुरुजी ओशाळून हसले. "मलाही वाटायचं, तू विचारत नाहीस म्हणजे तुला माहीतच असेल."

"पण मग काठी कशाला?" मी विचारलं.

"नुसता काठावर बसलो तर लोक विचारतात, गुरुजी, काय झालं, घरी सगळं ठीक आहे ना? काठी असली की कोणी विचारत नाही."

 पण माझ्यातला व्यापारी काही मेला नव्हता. मला फट दिसली. मी म्हटलं, "गळ नाही, म्हणजे ती मासेमारी नाही. मान्य?"

"मान्य."

"म्हणजे सईची पहिली वेळ अजून व्हायची आहे. मान्य?"

"तर्काने मान्य."

"तर्क-बिर्क नको. हो की नाही?"

"हो." मग म्हणाले, "मी आलो तर चालेल का?"

"या. पण बोलायचं नाही."

गुरुजींशी केलेला आयुष्यातला पहिला सौदा मी जिंकलो होतो. मंगळवारी पहाटे आम्ही तिघं खडकावर बसलो. मी सईच्या मागे बसून तिचे दोन्ही हात माझ्या हातात घेतले, दोरा कसा सोडायचा ते दाखवलं. तिच्या केसांना तेलाचा वास येत होता. खरं सांगतो, तो अर्धा तास मला कोणी साऱ्या मंडईच्या बदल्यात मागितला असता तरी मी भाव केला नसता. मग मोरपिसाची काडी एकदम बुडाली. मी ओढलं. वीतभर रोहू खडकावर येऊन आपटला.

मी सईच्या तोंडाकडे पाहिलं. तिने आपला ओठ चिमटीत धरला होता.

"नाना, त्याच्या तोंडात काय आहे?"

"गळ आहे बेटा. कणकेच्या आत असतो."

"त्याला माहीत होतं?"

"त्याला सांगितलं तर तो येईल कसा?"

"मग तुम्ही त्याला फसवलं."

मी गुरुजींकडे पाहिलं. ते दिलेल्या शब्दाप्रमाणे गप्प होते. आपल्या चपलेकडे बघत होते. एका शब्दाने जरी ते मध्ये पडले असते ना, तरी मी रीतभात सोडून भांडलो असतो. पण ते बोलले नाहीत, आणि माझ्या रागाला जायला जागाच राहिली नाही. मी रोहूच्या तोंडातून गळ काढला. घाईत माझंच बोट फाटलं. मासा पाण्यात सोडला. तो क्षणभर तिरका तरंगला, मग गेला. दोऱ्याचा गळही मी दातांनी तोडून टाकला.

सईने माझ्या बोटाला तिचा रुमाल बांधला. मग डब्यातली कणीक माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "आता मी शिकवते. छोटी गोळी करायची. मोठी केली तर भांडण होतं. आणि आले की मोजायचं, हात हलवायचा नाही." ती माझ्या पुढ्यात बसली, तिने माझं मनगट धरलं आणि दोरा सोडला. पासष्ट वर्षांच्या माझ्यासारख्या माणसाचा हात धरून कोणीतरी पहिल्यांदा दोरा सोडत होतं. मासे आले. मी मोजले. अकरा होते. सई बारा म्हणाली. मी वाद घातला नाही.

यालाच मी फसवणूक म्हणतो. गुरुजींनी त्या पोरीला एका सकाळीत असं काही शिकवून ठेवलं की माझी साठ वर्षांची विद्या तिच्यापुढे चोरी ठरली. आणि एवढं करून ते थांबले का? दिवाळीनंतर त्यांचे गुडघे धरले, मुलाने आग्रह केला, आणि विहीणबाईंना घेऊन ते पुण्याला गेले. बुधवाऱ्यातल्या घराला कुलूप आहे. आता सई वर्षाचे बारा महिने त्यांच्याकडे. तिथे नदीकाठ जवळ नाही म्हणून दोघं गच्चीत कावळ्यांची हजेरी घेतात, असं ती मला फोनवर सांगते. मी म्हणतो, वा वा.

इकडे मी पहाटे खडकावर जातो. काठी नेतो, कारण काठी नसली की लोक विचारतात. शेजारी एका माणसाची जागा मोकळी ठेवतो. कोणी बसायला आलं तर डाफरतो. मंडईतून आल्यावर बायको म्हणते, "हल्ली तुम्ही ओरडत नाही. बरं वाटत नाही का?" तिला काय सांगणार? ज्याच्यावर ओरडायची बंदी होती तोच गावात नाही, तर बाकीच्यांवर ओरडण्यात चव राहिलेली नाही.

म्हणून गुरुजी, चारचौघांत विचारतो. नात दोघांची होती, मग एकटे घेऊन कसे गेलात? गेलात ते गेलात, भांडायचा हक्काचा माणूसही सोबत नेलात, तो कोणाला विचारून? याचा जाब तुम्हाला द्यावाच लागेल. आणि फोनवर चालणार नाही. इथे या, खडकावर माझ्या शेजारी बसा आणि तोंडाने सांगा.