कामाचा दाखला

माझे मोठे काका बाटल्यांच्या कारखान्यात कारकून होते आणि शब्दांच्या बाबतीत महाहट्टी. नोकरी सोडणाऱ्याला इंग्रजी दाखला तेच लिहून देत. दुसरा कोणी असता तर सगळ्यांना 'एफिशियंट' ठोकून मोकळा झाला असता. काका आधी त्या माणसाशेजारी अर्धा तास उभे राहून काम बघत, मग जाडजूड शब्दकोश उघडत. एफिशियंट म्हणजे मुळात काम तडीस नेणारा, त्यामुळे अर्धवट सोडणाऱ्याला तो मिळायचा नाही. एका डावखुऱ्या पॅकरला 'डेक्स्टरस', म्हणजे हाताने चपळ, लिहावं का, यावर त्यांनी दोन दिवस काथ्याकूट केला, कारण त्या शब्दाच्या मुळाशी उजवा हात आहे. शेवटी लिहिलं. पॅकरला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

माझे बाबा तिथेच तपासनीस. पट्ट्यावरून बाटल्या सरकायच्या, मागे दिवा. तडा गेलेली बाटली बाबा बाजूला काढायचे. एकोणीस वर्षं डोळ्यांत तेल घालून त्यांनी हेच केलं. कारखाना बंद व्हायचं ठरलं तेव्हा शेजारच्या कारखान्याने कळवलं, दाखल्यात 'स्किलफुल' असेल त्याच तपासनिसाला घेऊ.

"दादा, एवढा एक शब्द लिही," बाबा म्हणाले.

"लिहीन की. उद्या येतो बघायला."

काका आले. अर्ध्या तासात बाबांच्या हातून तीन तडकलेल्या बाटल्या निसटल्या. 'स्किल'चा जुना अर्थ फरक ओळखणं, वेगळं काढणं. काकांनी दाखल्यात नुसतं 'ऑनेस्ट' लिहिलं.

बाबांना कुणी घेतलं नाही. चार वर्षांत काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. काकांशी ते शेवटपर्यंत बोलले नाहीत. मला तर काकांचं तोंड बघायची इच्छा नव्हती.

बाबा गेल्यावर वर्षभराने काकूने बोलावलं म्हणून मी गेले. काकांनाही आता दिसत नव्हतं, काचबिंदूच.

"शब्दकोश वाचून दाखव गं," ते म्हणाले. "स्किल काढ."

त्या पानात घडी घातलेला कागद होता. कारखान्याचा शिक्का, काकांची सही, बाबांचं नाव आणि स्वच्छ टाइप केलेलं, स्किलफुल.

"तारीख बघ."

ते बाबांचं काम बघायला गेले त्याच्या आदल्या दिवसाची तारीख होती.

"काम न बघता लिहिला होता. आयुष्यात एकदाच."

"मग दिला का नाहीत?"

"तीन बाटल्या सुटल्या ना. त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यावं, हे सुचलंच नाही मला, पोरी. वेळेवर नेला असता तर नजर वाचली असती. मी बाटल्याच मोजत बसलो."

मी कागद परत पानात ठेवला आणि तो शब्द वाचायला घेतला. दुसऱ्या ओळीवर मला रडू कोसळलं. काकांना ते दिसलं नाही.

"थांबलीस का?" ते म्हणाले. "वाच ना पुढे."