सुमन आज तापलीय

आमच्या सर्व्हररूमचे किस्से धुळीसारखे आहेत. मुद्दाम कुणी आणून टाकत नाही, पण फडकं घेऊन गेलं की थर निघतोच.

संस्था छोटी, टपालाने अभ्यासक्रम शिकवणारी. ऑफिस सिंहगड रस्त्याला, धायरीच्या अलीकडे. मी हिशेबाला आणि आमचे 'हे' कॉम्प्युटरला. पहिला सर्व्हर आला, तेव्हा त्याला नाव द्यावं लागतं असं कळलं. ह्यांनी मान वर न करता माझंच टाइप केलं. सुमन!

*

पहिल्याच उन्हाळ्यात आमचे मॅनेजर देशमुखसाहेब पाहुण्यांना म्हणाले, "आज काम होणार नाही. सुमन फार तापलीय."

पाहुणे कळवळले. "अहो, मग बाईंना घरी तरी पाठवा!"

*

एसी फक्त सर्व्हररूमला. चैत्रात शिपाई जाधवमामांनी पन्ह्याचं पातेलं गार व्हायला सर्व्हरशेजारी ठेवलं. ह्यांनी दारावर पाटी लावली : 'येथे फक्त सुमन थंड केली जाईल.'

ती वाचून येणारेजाणारे माझ्याकडे बघायचे. मी पन्हं पीत असे.

*

एका रविवारी निकालाचं काम होतं. सकाळीच जाधवमामांचा घरी फोन आला. मीच उचलला.

"बाई, साहेबास्नी सांगा, सुमन काय केल्या उठंना."

"उठलीये," मी म्हटलं. "पोहे करतेय."

*

हे गेले, त्यानंतरही सुमन चालत राहिली. आज रुसली, आज बसली, असं रोज कुणीतरी म्हणायचं आणि ह्यांनी माझी केलेली थट्टा पुन्हा ताजी व्हायची. मग नवा सर्व्हर घ्यायचं ठरलं. सुमन भंगारात जाणार. यंत्र जुनं झालं होतं, हरकत घेण्यासारखं काही नव्हतं. मी घेतलीही नाही. फक्त त्या आठवड्यात माझ्या बेरजा वारंवार चुकल्या.

हडपसरहून इंजिनिअर आला. नव्या सर्व्हरला नाव काय द्यायचं, म्हणाला.

देशमुखसाहेब सवयीने बोलून गेले, "सुमनबाई, आता तुम्ही नाव घ्या." आणि घाईघाईने चष्मा पुसू लागले.

लग्नात उखाण्यातून घेतलं होतं, त्यानंतर वेळ आली नव्हती. आणि आता तर मला कुणी आग्रहही करत नाही.

मी घेतलं. "पुरुषोत्तम."

"स्पेलिंग?" इंजिनिअर म्हणाला. मग स्वतःच मान हलवली. "फार लांब होतंय, मॅडम. छोटं काही? घरी काय हाक मारायचात?"

"अहो."

त्याने तेच टाइप केलं.

दुसऱ्या दिवशी जुना सर्व्हर उचलायला भंगारवाला येणार होता. मी मुद्दाम उशिरा गेले. जाधवमामा फाटकातच उभे होते.

"बाई, भंगारवाल्याला माघारी लावला," ते म्हणाले. "सुमनला काढली की अहो बंद पडत्यात."