आत्याची परीक्षा

भातं झोडून झाली, पेंढा रचून झाला, की तोरण्याच्या पायथ्याच्या गावांना दोनच कामं उरतात, लग्नं आणि कबड्डी. लग्नांना भागूबाई आहेर पाठवून मोकळी व्हायची. कबड्डीला मात्र ती जातीनं हजर असायची. स्वतःच्या चुलत दिराच्या लग्नातून ती अक्षता पडायच्या आत उठून सामन्याला गेली होती, आणि त्या घरानं अजून तिच्याशी धड बोलणं सुरू केलेलं नाही. तिला त्याचं काही वाटत नाही, कारण त्या सामन्यात आपली वाडी जिंकली होती.

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला बोरीचा माळ म्हणून धनगरांची वाडी आहे, तिथली ही भागूबाई. शेळ्या राखणं हा धंदा, कबड्डी हा धर्म. आयुष्यात ती एकदाही खेळली नाही. लहानपणी बायकांनी खेळायचं नसतं असं होतं, आणि आता बायका खेळतात तर तिचे गुडघे ऐकत नाहीत. पण भैरवनाथ क्रीडा मंडळाची पोरं उतरली की पहिल्या रांगेत, फक्कीच्या रेषेला लागून, तिची प्लास्टिकची खुर्ची ठरलेली. तिथून ती पकड करणाऱ्याला सांगायची, "आरं चवडा धर, चवडा! फुलं येचायला आलाईस व्हय?" पंचांनी आपल्या विरुद्ध शिट्टी फुंकली, की त्यांच्या आईवडिलांची विचारपूस सुरू व्हायची. सगळा तालुका तिला आत्या म्हणत असे, पंचसुद्धा. आत्या म्हटल्यावर शिव्या आशीर्वादात जमा होतात, असा पंचांचा हिशोब होता.

तिचा खरा मान मात्र वेगळाच होता. एखाद्या पोराचं डोकं आपटलं आणि तो भुईवर पडला, की निवेदक कर्ण्यावरून डॉक्टरला नाही, आत्याला हाक मारायचा. भागूबाई कमरेच्या पिशवीतून कांदा काढून बुक्कीनं फोडायची, पोराच्या नाकाला लावायची, टाळूवर पाणी थापायची आणि मग परीक्षा घ्यायची. प्रश्न ठरलेले होते. मी कोण? गाव कुठलं? गुण किती?

परीक्षा शास्त्रशुद्धच म्हणायची. अडचण एवढीच, की ती घेतली जायची भर मैदानात. "मी कोण?" असं तिनं विचारलं की चारी बाजूंनी लोक ओरडायचे, "आत्या!" मग पोरगा म्हणायचा, आत्या. गावाचंही तसंच. आणि गुण तर समोरच फळ्यावर खडूनं लिहिलेले असत. तिन्ही उत्तरं आली की भागूबाई त्याच्या पाठीत थाप मारून म्हणायची, "उठ वाघा, कायबी झालेलं न्हाई." टाळ्या पडायच्या, वाघ उठायचा. आजवर त्या परीक्षेत एकही पोरगा नापास झाला नव्हता आणि तिला याचा अभिमान होता.

हनुमंतही कधी नापास झाला नव्हता. एके काळी त्याची चढाई बघायला कामथडीपासून माणसं यायची. तो जितक्या वेळा पडला तितक्या वेळा कांदा हुंगून उठला. आता चाळिशीही उलटली नाही, पण टेम्पो चालवणं सुटलंय. ऊन लागलं की डोकं धरतो, आणि कुठं निघालो होतो ते वाटेत विसरतो. लोक म्हणायचे, उष्णता आहे. कुणी म्हणे, देवाचं काहीतरी राहिलंय. भागूबाईनं त्याची दृष्टही काढून पाहिली होती. सामन्याला तो तिच्या खुर्चीशेजारी भुईवर बसायचा आणि दर दोन चढायांनी विचारायचा, "आत्या, किती झालं?" ती फळ्याकडं बोट दाखवायची. तो पुन्हा विचारायचा. पोरं हसायची, आणि खरं सांगायचं तर तीही हसायची. मग कावून म्हणायची, "आरं, आत्ताच सांगितलं न्हवं का!"

यंदा मात्र हसण्याचं साल नव्हतं. यंदा स्पर्धेची ढाल येणार होती. वाडीनं आजवर ढालीचं तोंड पाहिलं नव्हतं. भैरवनाथाच्या देवळात ढालीसाठी एक फळी ठोकून ठेवलेली, तिच्यावर उदबत्तीचे पुडे ठेवत. भागूबाई दर सोमवारी ते पुडे उचलून फळी पुसायची. यंदा तिच्याच घरी राहणारा सख्खा भाचा अभिषेक चढाईला होता. हरणासारखं पोर. ढाल त्याच्याच हातून येणार, असं ती शेळ्यांनाही सांगत फिरत होती.

उपांत्य सामन्यात कामथडीच्या कोपऱ्यातल्या गड्याचा गुडघा आणि अभिषेकचं कपाळ यांची गाठ पडली. त्यात कुणाची चूक नव्हती, खेळात होतं. कांदा फुटला, परीक्षा झाली, भाचा पास झाला आणि वाडी अंतिम फेरीत गेली. रात्री अभिषेक जेवला नाही आणि उजेड नको म्हणाला. सकाळी त्यानं अंगणात ओकारी काढली. शिवानी ही वाडीचीच सून, सरकारी दवाखान्यात नर्स. ती ड्युटीला जाताना थांबली.

"आत्या, डोक्याला मार आहे हा. डॉक्टरला दाखवा. आणि बरं वाटेपर्यंत त्याला खेळू देऊ नका."

"आगं, कबड्डी काय डोक्यानं खेळत्यात? पायाचा ख्योळ हाय त्यो."

"तुमचा तो काळा बोकड का बांधून ठेवलाय मग?"

काळ्या बोकडानं चार दिवसांपूर्वी दुसऱ्याशी टक्कर घेतली होती आणि गरगरून बसला होता. त्याला भागूबाईनं लगेच कळपातून काढून सावलीत बांधलं होतं. वर कोवळा पाला हातानं चारत होती. पुन्हा टक्कर लागली तर जनावर हातचं जाईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"बोकडाचं येगळं," ती म्हणाली. "त्याला भैरवनाथ म्हाराजांच्या नावानं सोडायचाय."

शिवानीनं कपाळाला हात लावला आणि बस पकडायला पळाली. अंतिम सामना दुसऱ्या दिवशी दुपारी होता.

वेल्ह्याच्या मैदानात उभं राहायला जागा नव्हती. समोर उत्रोलीचा संघ, सगळे दांडगे. भागूबाई खुर्चीवर, शेजारी हनुमंत. सामना असा चुरशीचा झाला की तिला शिव्या द्यायलाही उसंत मिळेना. शेवटची काही मिनिटं उरली, उत्रोली एका गुणानं पुढं होती, आणि अभिषेक चढाईला गेला. त्यानं एकाला शिवलं, मागं वळला, पण त्याच गड्यानं त्याला मागून धरलं. तसाच ओढत त्यानं मध्यरेषा गाठली आणि पडला, ते कुणाच्या तरी टाचेवर डोकं आपटून. गुण मिळाला. सत्तावीस-सत्तावीस. मैदान नाचायला लागलं. अभिषेक उठला नाही.

"आत्याऽऽ!" कर्ण्यावरून हाक आली.

पंचांनी बोलावल्यावर ती आत गेली. कांदा फोडला. त्यानं डोळे उघडले.

"मी कोण?"

"आत्याऽ!" सगळं मैदान ओरडलं.

"आत्या," अभिषेक म्हणाला.

गावही झालं. गुणही झाले. तिनं पाठीत थाप मारली, "उठ वाघा," म्हणाली आणि येऊन खुर्चीत बसली. फळीवरच्या उदबत्त्या आता कुठं ठेवायच्या, हाही विचार तिनं करून टाकला.

उत्रोलीची चढाई रिकामी गेली. अभिषेक कोपऱ्यात, तिच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर उभा होता. तो वळला आणि हळूच म्हणाला, "आत्या, किती झालं?"

"सत्तावीस-सत्तावीस. तूच केलास की गुण!"

"बरं."

वाडीची चढाई गेली, मग पुन्हा उत्रोलीची आली, दोन्ही रिकाम्या. अभिषेक पुन्हा वळला. त्याच चेहऱ्यानं, त्याच आवाजात म्हणाला, "आत्या, किती झालं?"

"आरं, आत्ताच सांगितलं न्हवं का," ती सवयीनं बोलून गेली, आणि मग तिला कळलं की हे वाक्य आपण कुणाला म्हणतो. तिनं खाली पाहिलं. हनुमंत भुईवर बसून तिच्याकडं हसून बघत होता. त्यानं या वेळी काहीच विचारलं नव्हतं.

तिनं पलीकडं उभ्या असलेल्या बाजीरावाला हाक मारली. बाजीराव मंडळाचा अध्यक्ष, मार्गदर्शक, आणि टेम्पोवालाही तोच.

"बाजीराव, पोराला भायेर काढ!"

"काय झालं?"

"त्येचं डोस्कं ठिकाणावर न्हाई!"

"आत्या, आत्ता तर तुमीच पास केलाय की त्याला!" बाजीराव ओरडला, "एकच चढाई ऱ्हायलीया!"

तिच्याच परीक्षेचा निकाल, सगळ्या तालुक्यासमोर लागलेला. पंचांनी शिट्टी दिली. अभिषेक मांडीवर थाप मारून मध्यरेषेकडं निघाला, जरा तिरका, बांधावरून चालल्यासारखा.

भागूबाई उठली. चपला काढल्या, कारण मैदानात चपला घालून कुणी जात नाही. वाकून मातीला हात लावला, कपाळाला लावला, आणि फक्कीची रेषा ओलांडून आत शिरली. भाच्याचं मनगट धरलं आणि त्याला ओढत बाहेर आणलं. पंच शिट्ट्या फुंकत होते. लोकांना आधी वाटलं, आत्या आशीर्वाद द्यायला गेली.

विनापरवानगी मैदानात माणूस शिरला, म्हणून नियमानं उत्रोलीला एक गुण मिळाला. अभिषेकच्या जागी बदली पोरगा गेला आणि हात हलवत परत आला. वेळ संपली. अठ्ठावीस-सत्तावीस. ढाल उत्रोलीला गेली, आणि आजवर भागूबाईनं पंचांना ऐकवलेलं सगळं आपल्याच लोकांनी तिला व्याजासकट परत केलं. फरक एवढाच, की तिला कुणी आत्या म्हणत नव्हतं.

बाजीरावानं टेम्पो काढला. हायवेवरच्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता भागूबाई भाच्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

"आत्या, किती झालं?"

"अठ्ठावीस-सत्तावीस. हरलो."

"कुणामुळं?"

"माझ्यामुळं. म्या मदी शिरले."

"बरं," अभिषेक म्हणायचा. विंझर गेलं की पुन्हा तेच, आंबवणं गेलं की पुन्हा तेच. दर वेळी तिनं कबूल करायचं, आणि दर वेळी बाजीरावानं पुढून घसा खाकरून दुजोरा द्यायचा. पण शेवटच्या खेपेला त्यानं नुसता टेम्पोचा वेग वाढवला.

डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला. मेंदूला हिसका बसलाय, म्हणाले, रक्त साचलेलं नाही. लगोलग आणखी एक दणका बसला असता तर काय झालं असतं, हे त्यांनी सांगितलं, आणि भागूबाईनं ते पुरतं ऐकलं नाही. यंदाचा हंगाम बंद. तिनं मान हलवली आणि रात्रभर खाटेशी बसून राहिली.

सकाळी अभिषेकनं डोळे उघडले, तिच्याकडं पाहिलं आणि त्याचं तोंड लालबुंद झालं.

"तू मदी कशापायी घुसलीस?"

भागूबाई दचकली. "काय म्हनालास?"

"एका गुणानं ढाल घालवलीस! एका! आगं, म्या आनली असती की!"

"पुन्यांदा बोल."

"आता काय बोलू? उत्रोलीची पोरं नाचत्यात, आन् तू मला शेरडागत धरून नेतीस! तोंड दावायला जागा ठिवली न्हाईस!"

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. कुणी ओरडून उत्तर सांगितलं नव्हतं, फळाही नव्हता. तो शिव्या देत होता आणि ती एकेक शब्द प्रसादासारखा घेत होती. मग ती बाहेर व्हरांड्यात गेली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

दुपारी ती शेळ्या बघायला म्हणून एसटीनं वेल्ह्याला परतली. स्टँडवर कट्ट्यावरच्या माणसांनी तिला पाहून तोंडं फिरवली. एकटा हनुमंत सरकून बसला आणि त्यानं तिला जागा दिली.

"आत्या, किती झालं?"

"अठ्ठावीस-सत्तावीस. हरलो बाबा."

"कुणामुळं?"

"माझ्यामुळं."

"असू दे गं," हनुमंत हसून म्हणाला, "पुढल्या साली बघू."

तिनं त्याच्या कपाळाकडं पाहिलं. भुवईवरचा तो जुना व्रण तिच्याच हाताखालून गेलेला होता. कांदा तिचा, थाप तिची. तो पुन्हा विचारील म्हणून ती थांबली. त्यानं विचारलं, आणि तिनं सांगितलं. वाडीकडं जाणारी जीप येऊन गेली तरी ती उठली नाही. भाचा महिनाभर तरी बोलणार नव्हता, तो राग तिला गोडच होता. पण हनुमंतानं एकदा, एकदाच, तसंच लाल होऊन आपल्याला शिव्या द्याव्यात, असं तिला फार वाटत होतं.