दादाकडून आली की पेटणारा दिवा

माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा आहे. तो पेटला की माझं डोकं फिरतं. लोकांना हसू येतं, येऊ दे. गाडी जुनी आहे, दुसऱ्याने वापरून विकलेली आहे, पण ती माझ्या पगारातून आलेली आहे आणि तिच्या आरसीवर फक्त माझं नाव आहे. आमच्या घरात बाईच्या एकटीच्या नावावर असलेली ही पहिली वस्तू. जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या प्लँटवर मी उगवण तपासते, आणि सकाळच्या शिफ्टला मी याच गाडीने जाते.

दिवा पहिल्यांदा पेटला तेव्हा गॅरेजवाल्याने यंत्र लावून कोड वाचला आणि ऑक्सिजन सेन्सर गेला म्हणून सांगितलं. सायलेन्सरच्या पाइपात बसवलेला हा बोटाएवढा तुकडा. इंजिनातून निघालेल्या धुराचा अंदाज घेतो आणि पेट्रोल जास्त जातंय की कमी, ते गाडीला कळवतो. नवा बसवला. दिवा विझला. महिनाभराने पुन्हा तोच दिवा, तोच कोड. पुन्हा नवा सेन्सर. तिसऱ्यांदा गेले तर तो माणूस माझ्याकडे न बघता म्हणाला, "मॅडम, एक काम करू. मीटर खोलून तो लाइटच काढून टाकतो. न पेटंल, न टेन्शन."

"ताप आला की तुम्ही थर्मामीटर फोडता का?" मी विचारलं.

"तुमची मर्जी," तो म्हणाला आणि दुसऱ्या गाडीखाली शिरला. बाई समोर उभी असली की या लोकांना गाडीखाली फार काम निघतं. मी त्याच्याकडे जायचं बंद केलं. कोड वाचायचं एक छोटं यंत्र मागवून घेतलं. ते स्टिअरिंगच्या खाली खोचायचं आणि मोबाइलवर बघायचं. बियाणं उगवलं नाही तर आम्ही लगेच बियाण्याला दोष देत नाही. पाणी बघतो, माती बघतो, पोतं कुठे पडलं होतं ते बघतो. सेन्सरचंही तसंच करायचं ठरवलं. वायर बघितली, ठीक. पाइप कुठे फुटलाय का बघितलं, नाही. मग गाडी कुठे पडलेली असते ते बघितलं, आणि उत्तर मला मुळीच आवडलं नाही. दिवा दर वेळी केदारखेड्याहून गाडी परत आल्यावर पेटत होता.

केदारखेड्याला माझा मोठा भाऊ असतो, शेती करतो. आई त्याच्याकडे असते. दर संकष्टीला आईला राजूरच्या गणपतीला जायचं असतं आणि तिचे गुडघे मोटरसायकलवर बसण्याच्या लायकीचे राहिलेले नाहीत. म्हणून दादा आदल्या दिवशी जालन्याला येतो, त्याची मोटरसायकल माझ्या दारात लावतो, गाडी नेतो आणि चतुर्थी झाली की आणून देतो. गाडी द्यायची बंद करावी तर आईचं राजूर बंद, आणि दादाचं माझ्याकडे येणंही बंद. कारण गाडी सोडली तर आम्हा दोघांत येण्याजाण्याचं दुसरं निमित्त उरलेलं नव्हतं. चालू ठेवावी तर गाडी मरणार.

मी वाईटच विचार केला. पेट्रोलचा काटा दर वेळी मी गाडी दिली तेव्हापेक्षा वर असायचा. पंपावर पैसे टाकणाऱ्यांतला दादा नाही. म्हणजे हा माझं पेट्रोल काढून विकत असणार आणि वर रॉकेल भरत असणार. हे मी मनात इतकं पक्कं केलं की पुढच्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रजा टाकली, एसटी पकडली आणि न सांगता गावी जाऊन थडकले.

गाडी गोठ्याजवळ उभी होती, धुऊन पुसून. दादा पेट्रोलच्या टाकीत नरसाळं धरून उभा होता. नरसाळ्यावर स्वच्छ पांढरं फडकं, आणि हातातल्या कॅनमधून निळसर पेट्रोल गाळत होता. शेजारी फवारणीचा पॉवर पंप पडलेला. मला सगळं तिथेच कळलं. त्या पंपाच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून ठेवतात, नाहीतर पंप जाम होतो. तेच मिश्रण माझ्या गाडीत जात होतं. ते ऑइल जळून सेन्सरवर बसायचं आणि सेन्सर आंधळा व्हायचा.

"हे काय ओतून राह्यलास?" गावात पाय टाकला की माझीही भाषा गावची होते.

तो दचकला, मग हसला. "काय न्हाई गं बाई, थोडं पेट्रोल हाय. तू कशाला आली एस्टीनं? मी आणूनच देत होतो ना."

"दर वेळी टाकतोस?"

"मंग? बहिणीची गाडी माहेरातून रिकामी धाडू काय?"

आमच्याकडे माहेरवाशिणीला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. डिकीत दर खेपेला तूर, लसूण, मोसंबी असायचीच. टाकीसुद्धा त्यातच धरली जात असेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. हे ऐकून माझे डोळे भरून यायला हवे होते. माझा संताप झाला. तीन-तीन सेन्सर गेलेले, तो उर्मट गॅरेजवाला, कामावर उशीर झाला म्हणून ऐकलेलं, आणि या सगळ्याच्या मुळाशी हे प्रेम!

"यात ऑइल हाय दादा! पंपाचं पेट्रोल गाडीला चालतं का?"

"पेट्रोल ते पेट्रोल. चांगलं गाळून दिलं, बिलकुल कचरा न्हाई त्यात."

"गाळून ऑइल निघतं का? वाट लावली माझ्या गाडीची!"

"एवढं काय वरडायचं त्यात? घरात काय होतं ते दिलं."

"द्यायचंच होतं तर जमिनीतला वाटा द्यायचा होतास," मी म्हणाले. "तो सही घेऊन ठेवून घेतलास, आणि मला पंपाचं ऑइल देऊन राह्यलास!"

हे मी वर्षानुवर्षं बोलले नव्हते. त्याने कॅनचं झाकण लावलं, फडकं पिळलं, खांद्यावर टाकलं.

"हक्कसोडावर सही तू हसत केल्ती," तो म्हणाला.

"हसले नसते तर हे दार उघडं राहिलं असतं का मला?"

त्याने किल्ली गाडीच्या बॉनेटवर ठेवली आणि तो गोठ्यात निघून गेला. बोललेला एकही शब्द मी आजही मागे घेणार नाही.

टाकी रिकामी करून घेतली, सेन्सर पुन्हा बदलला. दिवा परत पेटला नाही. दादाही परत आला नाही. पुढच्या चतुर्थीला फोन केला तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे बाई. आईला जीपनं नेतो." आई त्या खच्चून भरलेल्या जीपमध्ये चढली कशी असेल, याची कल्पना करून मी पुन्हा चिडले, या वेळी दादावर आणि आईवरही. त्यानंतरच्या चतुर्थीला मी स्वतःच गाडी काढली, केदारखेड्याला गेले, आईला राजूरला नेलं, दर्शन करून परत आणून सोडलं. वहिनीने पाहुण्याला देतात तसा कपबशीत चहा दिला. दादा ओट्यावर बसून होता. "बराबर चालती का गाडी?" एवढंच त्याने विचारलं आणि मी "चालते" म्हटलं.

निघताना मी सवयीने डिकी उघडली. आई आतून मोसंबीची पिशवी घेऊन पाय ओढत आली.

"आई, ऱ्हाऊ दे," दादा ओट्यावरूनच म्हणाला. "तिच्या गाडीत आपलं काही घालू नको. बिघडती ती."

आईने माझ्याकडे बघितलं. मोसंबीने काही होत नाही, एवढंच मला म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. आईने पिशवी परत ओट्यावर ठेवली आणि मी डिकी लावून घेतली.