हलू नका, मामा

"हाललं की जित्तं," असं म्हणत आमचे मामा शेजारच्याला कोपरानं ढोसायचे. चहा पिता पिता तुम्ही जरा गप्प झालात, की बसलंच कोपर बरगडीत. कवठे येमाईचा हा माणूस, निम्मा जन्म मेंढरांमागं गेलेला. कोकरू निपचित पडलं की हलवून बघायचं, ही त्यांची डॉक्टरकी. मेंढरं विकल्यावर त्यांनी शिक्रापूरला खोली घेतली आणि कंपनीच्या गेटवर ते आमच्या कामगार संघटनेची पत्रकं वाटू लागले. त्या काळात तुम्ही तिथं एस.टी.तून उतरला असाल, तर एखादं तुमच्याही हातात कोंबलं असेल.

पत्रकं मी लिहायचो. 'कामगारांनो, उठा! हातपाय हलवा!' अशी. मामांना वाचता येत नव्हतं. मी आवेशानं वाचून दाखवलं की म्हणायचे, "म्हंजी माझंच म्हननं छापलंय की रं, लेखकराव!"

एका सकाळी गेटवरच त्यांच्या उजव्या हातातून गठ्ठा निसटला. उचलायला वाकले, तर बोटं वळेनात. तोंड वाकडं झालेलं. "कायबी न्हाई," म्हणाले, पण शब्द जिभेवर लोळत होते. मिळेल त्या जीपमध्ये घालून आम्ही त्यांना पुण्याच्या रस्त्यावरच्या एका हॉस्पिटलात नेलं.

मेंदूचा एमआरआय काढायला घेतला. यंत्राचे ठोके सुरू झाले तसे मामा त्या बोगद्यात पाय झाडू लागले. फिल्म आली ती पांढऱ्या डागांनी भरलेली. डॉक्टर म्हणाले, "हे सगळे खरे असतील, तर फार आशा नाही. पण मला शंका आहे. पुन्हा काढा, आणि लवकर. खरा कुठला ते कळल्याशिवाय मी औषध कसलं देऊ?"



यंत्रावरच्या बाईंनी मामांना समजावलं, "मेंदूतलं पाणी सारखं हलत असतं. जिथं ते अडतं, तिथं आम्हाला पांढरं दिसतं. पण तुम्हीच हललात, तर कोण हललं ते यंत्राला कळत नाही."

"पानीबी हाललं तरच जित्तं व्हय?"

"हो मामा. म्हणून आता फक्त त्यालाच हलू द्या."

"हलू नका, मामा," मीही हात जोडले.

"काय लेखकराव, मालकाला फितूर झाला का?" वाकड्या तोंडानं हसले. मग हळूच म्हणाले, "भ्या वाटतंय रं. पाय धर माझा."

पट्टा, घड्याळ, किल्ल्या बाहेर ठेवून मी आत गेलो आणि त्यांचं भेगाळलेलं पाऊल धरलं. ठोके सुरू झाले. पाऊल आधी थरथरत होतं. मग थांबलं. अगदीच थांबलं. गार पडल्यासारखं वाटलं. छाती बोगद्यात होती, ती हलतेय का ते दिसत नव्हतं. एकदा, फक्त एकदा हलवून बघावं, असं बोटांना होत होतं. हलवलं असतं तर पुन्हा डाग आले असते. गेटवर लाठी उगारलेली पाहूनही मी इतका भ्यालो नव्हतो. दात आवळून तसाच उभा राहिलो.

यंत्र थांबलं. मामा बाहेर सरकले. डोळे मिटलेले.

"मामा?"

"झालं व्हय? का आजून मरायचंय?"

दुसऱ्या फिल्मवर बाकीचे डाग नव्हते. उरला होता हरभऱ्याएवढा एकच. डॉक्टरांनी त्यावर बोट ठेवलं, "हा खरा," आणि औषध सुरू केलं. बाई पहिली फिल्म टाकून देत होत्या, तेवढ्यात मामा म्हणाले, "ऱ्हाऊ दे पोरी. भ्यालेल्या मानसाचा फोटू हाय त्यो." ती त्यांनी माझ्याकडं दिली.

हात बऱ्यापैकी सुधारला. पुढं लेकीकडं खुटबावला राहायला गेले, आणि तिथंच त्यांना दुसरा झटका आला. या वेळी दवाखाना गाठायच्या आतच ते गेले.

मी भेटायला गेलो तेव्हा लेकीनं विचारलं, "तुमच्याकडं आबांचा फोटू हाय का? आमच्याकडं एकबी न्हाई." माझ्याकडं ती पहिली फिल्म तेवढी होती; ती पिशवीतून काढून दिली आणि सांगितलं, मामा भ्याले, हलले, म्हणून एवढे डाग, खरा त्यातला एकच. तिनं दारात उभं राहून ती उजेडावर धरली.

"ह्यातला खरा कुठला वो?"

मी बोट पुढं केलं आणि ते एका डागावरून दुसऱ्या डागावर फिरत राहिलं, कुठंच टेकेना.